हौदाच्या कडेचा फेस

गहिनीनाथ बी.एस्सी. झाला होता, पण तीन वर्षांच्या त्या शिक्षणातलं त्याला धड एकच उत्तर येत होतं : घोयरा आणि झाडावरचा बेडूक यांच्यातला फरक स्पष्ट करा. अंबाजोगाईच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत एका फळीवर दोन बरण्या शेजारी शेजारी असायच्या. एकीत घोयरा, म्हणजे तो सावकाश चालणारा, रंग बदलणारा, बटबटीत डोळ्यांचा सरडा. दुसरीत बोटांच्या टोकांना टिकल्या चिकटवल्यासारखा दिसणारा बेडूक. औषधात राहून राहून दोघंही सारखेच फिक्कट झालेले. तिथल्या सरांना तोंडी परीक्षेत दरवर्षी हाच प्रश्न विचारायची खोड होती, त्यामुळं सगळा वर्ग तेवढंच घोकून जायचा. गहिनीनाथनं जरा जास्तच मन लावून घोकलं. पहिल्या वर्गात पास झाला, पुढं सात वर्षं मास्तरकीसाठी चपला झिजवल्या आणि शेवटी युसूफ वडगावजवळच्या आपल्या गावात गुमान परत आला.

गावात सहकारी दूध संस्था होती. चेअरमन मोहनराव नात्यातले, लांबचे का होईना. त्यांनी त्याला संस्थेचा सचिव करून घेतलं आणि हे उपकार त्याला उठता-बसता आठवतील याची तजवीजही केली. "आपला गहिनीनाथ, शिकलेला पोरगा, घरी बसून होता," अशीच ते त्याची ओळख करून द्यायचे. गहिनीनाथ हसायचा. दुसरं काय करणार? दूध संस्थेत सरड्या-बेडकाचं काय काम, दुधाची फॅट बघता आली की झालं.

एकोणीस साली मात्र दूधही राहिलं नाही. मार्चमध्येच विहिरींचे तळ उघडे पडले आणि संस्थेनं गावाबाहेरच्या माळावर जनावरांची छावणी उघडली. लोखंडी खांब, वर हिरवी जाळी, खाली दावणीच्या रांगा. ट्रकनं ऊस यायचा, टँकरनं पाणी यायचं. उसाची मशीनवर कुट्टी व्हायची आणि रांगेरांगेनं जनावरांपुढं पडायची. मशीन चालवायचा ख्वाजा. वडगावातला विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करणारा हा मिस्त्री मोटारीच चालेनात म्हणून छावणीवर आला होता. ज्यांची जनावरं त्यांनी तिथंच राहायचं, त्यामुळं अर्धं गाव माळावर येऊन बसलेलं. देखरेख गहिनीनाथकडं. जुलै अर्धा सरला तरी ढग नुसते येऊन बघून जात होते आणि छावणी काही उठत नव्हती.

शेवटच्या रांगेत छबुबाईचे दोन बैल होते. साठीची बाई. तीस वर्षं ऊस तोडलेला, त्यामुळं पाठ वाकलेली आणि जीभ सरळ. नवरा गेलेला, मुलगा परळीला, वीज केंद्राची राख वाहणाऱ्या गाडीवर. तिला जगात दोन बैलच होते असं म्हटलं तरी चालेल. त्यांच्या शेजारी पोत्यावर ती झोपायची आणि त्यांच्याशी दिवसभर भांडायची.

एका सकाळी एक घोयरा माळावरून छावणीकडं येताना लोकांना दिसला. हिरवं होऊन लपायचं तरी कशात, माळावर एक पान नव्हतं. तो मातकट होऊन, एक पाय उचल, थांब, डुल, मग टाक, असा निघाला होता. बघता बघता गडीमाणसं जमली. घोयरा चावला तर माणूस पाणी मागत नाही, त्याचा फूत्कार लागला तर जनावर सुजतं, अशी आमच्याकडची ठाम समजूत. शहाणीसुरती माणसंसुद्धा त्याला बघून दगड उचलतात. बंकटनं उचललाच. बंकट म्हणजे पहिल्या रांगेतला, गावातली सगळ्यात देखणी म्हैस ज्याची होती तो.

"ठिव खाली त्यो धोंडा!" छबुबाई पुढं आली. "तुझ्या बापाचं काय खाल्लंय त्यानं? पाण्याला आलंय बिचारं."

तिनं एक काटकी पुढं धरली. घोयऱ्यानं चिमट्यासारख्या पायांनी ती पकडली, शेपटीचा वेढा घातला. छबुबाईनं सगळ्यांच्या देखत त्याला नेऊन पाण्याच्या हौदाशेजारच्या बाभळीवर सोडलं. लोक कुरकुरले. गहिनीनाथ मात्र हसून म्हणाला, "अवो, ते इषारी न्हाई, त्याला काय बी ईख नसतं. माशा खातंय ते." शिकलेला माणूस बोलला म्हणून बंकटनं दगड टाकला, पण थुंकून टाकला.

त्याच दिवशी दुपारी छबुबाईनं त्याला हौदाकडं बोलावलं. हौद सिमेंटचा, जाळीच्या सावलीत, भिंत कमरेएवढी. नळाच्या मागच्या कोपऱ्यात, ओलीला, एक बेडूक पाय पोटाशी घेऊन भिंतीला चिकटून बसला होता.

"सकाळी ह्यो तपकिरी व्हता रं," ती म्हणाली. "आता बघ, पांढुरका झालाय. त्यो बी रंग बदलतोय आन ह्यो बी. दोघं बी झाडावरचेच. मग ह्या दोघांत फरक काय?"

गहिनीनाथचा चेहरा बघण्यासारखा झाला. बारा वर्षांत त्याला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. बायकोनंही नाही, नोकरीच्या मुलाखतीतही नाही. तो हौदाच्या कडेला टेकला आणि सुरू झाला. घोयऱ्याचं कातडं कोरडं, खवल्याखवल्यांचं, याचं ओलसर. त्याची बोटं दोन आणि तीन अशी जुळलेली, म्हणून तो फांदी धरतो; याच्या बोटांना गाद्या, म्हणून हा चिकटतो. त्याचे दोन डोळे दोन दिशांना बघतात, जीभ अंगापेक्षा लांब. तो जमिनीवर उतरून, माती उकरून अंडी घालतो आणि माती लोटून निघून जातो. हा बेडूक पाण्याच्या वर, भिंतीला नाहीतर फांदीला, फेसाचं घरटं करतो. मादी मागच्या पायांनी ताक घुसळल्यासारखा फेस घुसळते, त्यात अंडी. आणि पाणी कमी पडलं की हा पायांनी अंगाला मेणासारखं काहीतरी चोळून घेतो आणि असा घडी करून बसतो.

छबुबाई पदर तोंडाला लावून ऐकत होती. "आन ती अंडी फुटल्यावर?"

"पिल्लं फेसातून खाली पाण्यात पडत्यात. म्हणून तर पाण्याच्या वर घरटं."

"मंजी अक्कल हाय म्हना," ती म्हणाली. "माझ्या पोराला आजून एवढी न्हाई."

चार दिवसांनी ढगांनी थोडी भुरभुर केली. मातीचा वासही उठला नाही, एवढीच. दुसऱ्या दिवशी हौदाच्या आतल्या अंगाला, पाण्यापासून वीतभर वर, मूठभर पांढरा फेस चिकटलेला होता. छबुबाई गहिनीनाथला हाताला धरून घेऊन गेली. "बघ, तू सांगितलंतं तसंच!" तिला इतका आनंद झाला होता की जणू तिनंच ते घरटं बांधलं होतं. पिल्लं कधी पडतात ते बघायला ती जाता-येता हौदात डोकवायची. गहिनीनाथला त्या दिवसांत पहिल्यांदा आपण शिकलो ते बरं केलं असं वाटलं.

आणि मग उसाचे ट्रक यायचे थांबले.

एक दिवस आला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. कारखान्याकडचा रस्ता आंदोलनानं अडवला होता, म्हणाले. साडेचारशे जनावरं हंबरायला लागली म्हणजे काय होतं ते ऐकल्याशिवाय कळायचं नाही. गहिनीनाथनं मोहनरावांना फोनावर फोन लावले. शेवटी दुसऱ्या दिवशी रात्री, माणसं निजल्यावर, एक पिकअप आला, सिरसाळ्याकडून. मोहनरावांच्या मेहुण्याच्या शेतातलं कडवळ, म्हणजे चाऱ्यासाठी पेरलेली हिरवी ज्वारी. पाऊस नाही म्हणून गुडघाभर वाढून थांबलेली, न निसवलेली म्हणजे कणसं न धरलेली, उन्हानं पानं सुरळी झालेली.

ख्वाजानं एक पेंढी उचलली, पानं बोटांत फिरवली आणि गहिनीनाथकडं बघितलं. "भाऊ, हे लई कवळं हाय. पान गोल झालंय. घालू का न्हाई?"

गहिनीनाथ शेतकऱ्याचा मुलगा. पाण्याविना करपलेल्या कोवळ्या ज्वारीत विष उतरतं, खाल्लं की जनावराला किराळ लागते, हे त्याला बापानं शाळेत जायच्या आधी शिकवलं होतं. त्यासाठी बी.एस्सी. व्हायची गरज नव्हती. पण मागं जनावरं ओरडत होती, फोनवर मोहनराव "मिळालं ना आता? घाला की" म्हणाले होते, आणि चेअरमनच्या मेहुण्याचा माल परत पाठवायचा म्हणजे काय, हेही त्याला माहीत होतं. त्यानं स्वतःची समजूत काढली. थोडंच आहे, उरलेल्या उसात मिसळलं की जोर राहणार नाही.

"कर कुट्टी," तो म्हणाला. "उसात मिसळ. सकाळी पहिल्या रांगेपासनं टाक."

कुट्टी झाल्यावर काय ऊस आणि काय ज्वारी, कुणाला कळणार? नुसता हिरवा चुरा.

सकाळी पहिल्या रांगेला तो चुरा पडला. भुकेली जनावरं, त्यांनी पाट्या चाटून घेतल्या आणि मालकांनी त्यांना हौदावर नेलं. बंकटची म्हैस पाण्यात तोंड घालून उभी होती. ती थरथरली. मग धाप लागली, तोंडातून फेस आला आणि हौदाच्या भिंतीला अंग घासत ती खाली बसली, ती उठलीच नाही. तिच्यामागोमाग शेजारच्या दावणीची एक गाय पडली. अर्ध्या तासाच्या आत दोघी गेल्या.

गहिनीनाथ पहिला धावला तो हौदाकडं नाही, मशीनकडं. "बंद कर! कुनाला टाकू नको आता!" उरलेली कुट्टी त्यानं आणि ख्वाजानं शेणाच्या खड्ड्यात लोटली आणि वर शेण ओढलं. हात धुऊन तो हौदाकडं आला तोवर तिथं निकाल लागत आला होता.

म्हशीच्या तोंडाला फेस, हौदाच्या भिंतीला फेस. आणि बरोबर वर, बाभळीच्या फांदीवर, घोयरा. आता हे तीन बघितल्यावर चौथं काय ते लोकांना कुणी सांगायला लागत नव्हतं. घोयरा पाण्यात थुंकला. घोयरा आणला कुणी? छबुबाईनं. आणि तिचे बैल? ते तर शेवटच्या रांगेत धडधाकट उभे.

"हिचे कावून न्हाई मेले?" बंकट ओरडत होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं, आणि ते खोटं नव्हतं. ती म्हैस त्यानं पारडूपणापासून वाढवलेली. त्याची बायको शिवकन्या म्हशीच्या मानेवर डोकं ठेवून बसली होती.

मोहनराव जीपमधून आले. त्यांनी म्हशीकडं बघितलं, गायीकडं बघितलं, मग एक क्षण गहिनीनाथकडं बघितलं.

छबुबाई घाबरली नव्हती. उलट जरा चिडलीच होती, जशी माणसं आपलं खरं असल्यावर चिडतात. "आरं, ते बेंडकुळीचं घरटं हाय! त्यात अंडी हायत. फोडून बघा की. घोयरा असलं करत न्हाई, त्यो मातीत अंडी घालतोय. गहिन्याला इचारा. त्यानंच सांगितलंय मला. त्याच्यात शिकलाय त्यो!"

सगळे वळले. शंभरएक माणसं, आणि सगळी गहिनीनाथकडं बघायला लागली. उत्तर त्याला पाठ होतं. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्यानं दिलं असतं. पण त्या उत्तराच्या पुढं दुसरा प्रश्न उभा होता, तोही त्याला दिसत होता : फेस बेडकाचा, तर मग म्हैस कशानं मेली? आणि गर्दीच्या मागं ख्वाजा उभा होता, हातावर अजून हिरवा रस वाळलेला.

"बोल की बे," बंकट म्हणाला. "बेडकाचं हाय का?"

"तसं... पुस्तकात येगळं असतं," गहिनीनाथ म्हणाला. "आपल्याकडं कसं असतंय... मला खात्रीनं न्हाई सांगता येनार."

धड खोटंही बोलला नाही तो. खोटं बोलायलासुद्धा थोडी छाती लागते.

छबुबाई त्याच्याकडं बघत राहिली. तिचा राग उतरला आणि त्याच्या जागी जे आलं ते बघायला नको म्हणून गहिनीनाथनं खिशातून मोबाईल काढला. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

"म्हंजे त्याला ईख असतं का रं?" तिनं हळू आवाजात विचारलं. भांडण म्हणून नाही, खरंच विचारलं. "सांग मला. असतं का?"

तो मोबाईलकडं बघत राहिला.

"हिनं आनला, हिनंच मारावा," कुणीतरी म्हणालं. घोयऱ्याला हात लावायला दुसरं कुणी तयार नव्हतंच. कुणीतरी तिच्या हातात उसाचं टिपरू दिलं. छबुबाई बाभळीखाली गेली. घोयरा काळपट पडला होता, अंग चपटं करून फांदीला बिलगला होता. तिनं काटकी पुढं केली तसा तो ओळखीनं त्या काटकीवर आला, आठ-दहा दिवसांपूर्वी आला होता तसाच, एक पाय उचल, थांब, डुल, टाक. तिनं त्याला जमिनीवर ठेवलं आणि दोन घाव घातले. मग टिपरू टाकून हात लुगड्याला पुसत राहिली, पुसतच राहिली.

दुपारच्या आत मोहनरावांनी निकाल दिला, बंकटचं समाधान व्हावं म्हणून. छबुबाईचे बैल छावणीतून बाहेर. हौद उपसून, घासून, पावडर टाकून धुतला. उन्हात जनावरं ठेवता येत नाहीत म्हणून म्हैस आणि गाय पुरून टाकली. त्यानंतर केजहून डॉक्टर आले, पाण्याची बाटली भरून घेतली आणि विचारलं, "चारा काय होता?"

"ऊस," गहिनीनाथ म्हणाला. एव्हाना त्याला सवय झाली होती.

छबुबाई बैलांचे कासरे धरून माळावरून गावाकडं निघाली तेव्हा गहिनीनाथ ऑफिसच्या पत्र्याच्या खोलीत बसून होता. खिडकीतून त्याला ती दिसत होती. बैल सारखे मागं वळून दावणीकडं बघत होते आणि ती त्यांना काही बोलत नव्हती. भांडतसुद्धा नव्हती.

पुढचे तीन दिवस गहिनीनाथ जेवायला बसायचा आणि उठायचा. उसाचे ट्रक सुरू झाले होते, जनावरं गप झाली होती, लोक त्याला नमस्कार करत होते. मोहनरावांनी पाठीवर थाप मारली. आजवर त्यांनी कधी मारली नव्हती. ती थाप त्याला दिवसभर पाठीवर जाणवली. संध्याकाळी मशीन बंद करताना ख्वाजा त्याच्याकडं न बघता म्हणाला, "भाऊ, तुमी बोलला असता तर मी बी बोललो असतो. मी एकटा बोललो असतो तर मशीन कोन चालवत होता, म्हनून माझंच नाव झालं असतं." त्यात दोष देण्याचा सूर नव्हता. गहिनीनाथला वाटलं, दिला असता तर बरं झालं असतं.

चौथ्या दिवशी सकाळी त्यानं मोटारसायकलवर उसाची मोळी बांधली आणि छबुबाईच्या घरी गेला. वाटेत त्यानं मनाशी पक्कं केलं होतं की आत्ता फक्त मोळी टाकायची, बाकीचं नंतर बघू. असलं नंतर कधी येत नसतं, हे त्यालाही ठाऊक होतं.

अंगणात बैल पाचटाच्या काड्या चघळत होते. बरगड्या मोजता येत होत्या. छबुबाई ओट्यावर बसली होती. मोळी बघून ती उठली, काही न बोलता कोयत्यानं दोर कापला आणि ऊस बैलांपुढं टाकला. गहिनीनाथला वाटलं होतं ती मोळी अंगावर फेकील. तिनं फेकली नाही; बैल उपाशी होते.

"बरं केलंस आनलास," ती म्हणाली. "बस. चा टाकू का? दूध न्हाई."

"काकू," तो म्हणाला आणि थांबला.

"काल मी बंकटच्या घरी गेलते," छबुबाई सांगू लागली. "शिवकन्याचे पाय धरले. म्हनलं, बाई, माझ्याकडनं झालं. मला वाटलं, जितराब हाय, जगंल. मला काय म्हाईत त्याच्यात एवढं ईख असंल. ती पोर रडली, मी बी रडले. लई देखनी म्हस व्हती रं."

गहिनीनाथ उभाच होता. तो इथं यायला घाबरला होता तो तिच्या रागाला. शिव्या खायची त्यानं तयारी केली होती. ही तयारी त्यानं केली नव्हती.

"तू असं कावून केलंस काकू? तुला तर ठाऊक होतं, ते घरटं..."

"ठाऊक व्हतं ते तू सांगितलेलं," ती म्हणाली. "मग तूच म्हनलास खात्री न्हाई. तुझ्यापरीस मला जास्ती कळतंय व्हय? मी आपली आंगठेबहाद्दर. मला वाटलं, त्या दिवशी ह्यो म्हातारीचं मन राखायला काय तरी बोलला आसंल, आन मी खुळी ते खरं धरून बसले."

मग त्याच्यानं राहवलं नाही. तो ओट्याच्या पायरीवर खाली बसला आणि सगळं बोलला. कडवळ आलं ते, ख्वाजानं दाखवलं ते, बापानं शिकवलं होतं ते, कुट्टी कर म्हणाला ते, शेणाच्या खड्ड्यात लोटलं ते, डॉक्टरला ऊस म्हणून सांगितलं ते. बोलताना तो रडायला लागला आणि आपण रडतोय याचीही त्याला लाज वाटली.

तो थांबल्यावर छबुबाईनं एवढंच विचारलं, "म्हंजे त्याला ईख न्हवतं?"

"न्हवतं."

"आन तुला ठाऊक व्हतं. मी इचारलं तवा."

"होतं."

ती उठली, पदर खोचला, दोन्ही कासरे सोडले.

"मला कावून सांगतोस?" ती म्हणाली. "तिकडं सांग. चल."

ती बैल घेऊन पुढं आणि तो मोटारसायकल ढकलत मागं, असे ते माळावर आले. ऊन चढलेलं होतं. वाटेत तीन ठिकाणी त्याच्या मनात आलं की गाडीला किक मारावी. छबुबाईनं एकदाही मागं वळून बघितलं नाही, आणि म्हणूनच त्याला पळता आलं नाही.

पाणी पाजायची वेळ होती. सगळी माणसं हौदाशी. मोहनराव खुर्ची टाकून बसलेले. छबुबाईचे बैल आत येताना बघून, उरलेल्या जनावरांसाठी छावणीतच राहिलेला बंकट तावातावानं पुढं आला, तेवढ्यात गहिनीनाथ हौदाच्या कठड्यावर चढला आणि बोलायला लागला. पहिल्या वाक्याला आवाज फुटला नाही, दुसऱ्याला फुटला. मोहनराव "खाली उतर, खाली उतर" म्हणत राहिले, आणि मेहुण्याचं नाव निघालं तसे उठून जीपकडं गेले. गर्दीतून ख्वाजा पुढं आला आणि म्हणाला, "खरं हाय. मशीनवर मीच व्हतो." कुणीतरी शेणाच्या खड्ड्यात फावडं घातलं आणि सडलेला हिरवा चुरा वर काढून बंकटच्या पुढं टाकला. म्हाताऱ्या माणसांनी तो नुसता हुंगला आणि माना हलवल्या.

बंकटनं गहिनीनाथला कठड्यावरून खाली ओढलं आणि एक थोबाडीत दिली. दुसरी द्यायला हात उचलला, पण तो तसाच खाली घेतला आणि बाजूला जाऊन बसला. शिवकन्या छबुबाईपाशी आली. तिनं नुसता एका बैलाचा कासरा तिच्या हातातून घेतला आणि शेवटच्या रांगेतल्या त्याच्या जागेवर नेऊन बांधला.

संस्थेतून गहिनीनाथला काढल्याचा निरोप दुपारी आला. जीपवाल्या ड्रायव्हरनं तोंडीच सांगितला. त्यानं पत्र्याच्या खोलीच्या किल्ल्या देऊन टाकल्या. गाल ठणकत होता, पण चार दिवसांत पहिल्यांदा त्याला भूक लागली होती, आणि आपल्याला इतकं हलकं वाटतंय याचं त्याचं त्यालाच नवल वाटत होतं. जाण्याआधी तो शेवटच्या रांगेकडं गेला. छबुबाई बैलांपुढची कुट्टी हातानं चाळून चाळून बघत होती.

"काकू," तो म्हणाला, "माझं चुकलं. माफ कर."

तिनं वर बघितलं नाही. कुट्टीतलं एक पान उचललं, उजेडाला धरून बघितलं, परत पाटीत टाकलं.

"तुझं तू चार मानसांत बोललास, मार खाल्लास, मोकळा झालास," ती म्हणाली. "त्यो माझ्या काटकीवर आपल्या पायानं आलता रं. माझ्या हातचं मी कुनापुढं बोलू?"

बैलांच्या पाट्या रिकाम्या झाल्या, तशी ती उठून आणखी कुट्टी आणायला गेली.